बोरकुटेभाऊंची रिकामी खुर्ची

आमच्या ऑफिसात बोरकुटेभाऊंच्या टेबलासमोर प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची असते आणि तिच्यावर बसायची कोणालाही परवानगी नाही. कोणी टेकायला गेलंच, तर भाऊ चष्म्यावरून बघतात. "उठ गा. तो बसून राहिला तिथं."

'तो' म्हणजे एआय एजंट, सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम.

प्रतापनगरातल्या एका दुमजली घरात बसून आम्ही बसची तिकिटं काढायचं सॉफ्टवेअर बनवतो. ते नीट चालतं की नाही, हे बघणाऱ्या लहान लहान चाचण्यांचा इतक्या वर्षांत डोंगर झालाय. आता दुरुस्त्या एजंट करतो. पण कुठे हात घालण्याआधी तिथल्या चाचण्या कोणत्या, ते त्याला हुडकावं लागतं. त्यासाठी एक शोधसाधन केलंय. ते कसं वापरायचं, हे एजंटला लिहून द्यायचं काम भाऊंचं. भाऊ आधी मराठीत लिहितात, मग इंग्रजीत. आणि मराठीतलं प्रत्येक वाक्य त्या खुर्चीला मोठ्यांदा वाचून दाखवतात. खुर्चीची काही हरकत नसली, की समाधानानं मान हलवतात.

"एका शब्दानं नाही सापडलं तर दुसऱ्यानं शोध. कोणी 'सीट' लिहिलं असेल, कोणी 'जागा'. लिहिणारा त्या दिवशी कसा होता, तुले काय माहीत?"

"नाहीच सापडलं, तर नाही म्हण. मनानं बनवू नको. आपल्या इथं पत्ता विचारला, तर ज्याले माहीत नाही तोही हात दाखवते. तसं करायचं नाही."

आमच्या मॅनेजर शेफाली मॅडम एकदा वैतागल्या. "बोरकुटेजी, मशीन है वो! इतके लाड कशाला?"

"मॅडम, त्याले कालचं काहीच आठवत नाही. त्याचा रोज पहिला दिवस असते. पहिल्या दिवशी माणसावर कोणी खेकसते का?"

पहिला दिवस हा भाऊंचा हळवा विषय. ऑफिसात नवीन कोणी आलं की ते त्याला तर्री-पोहे खाऊ घालतात, कोणतं बटण कोणत्या पंख्याचं ते दाखवतात, बाथरूमची कडी जरा उचलून लावावी लागते हेसुद्धा. एकदा तर नुसत्या मुलाखतीला आलेल्या माणसाला त्यांनी हे सगळं दाखवलं. त्याची निवड काही झाली नाही, पण तो अजून दिवाळीला भाऊंना फोन करतो.

भाऊंना स्वतःला मात्र पहिल्या दिवशी कोणी काहीच दाखवलं नव्हतं. दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. अकरा वर्षांपूर्वी भाऊ रामटेकहून आमच्याकडे चाचण्या घ्यायला म्हणून लागले. त्याच आठवड्यात एक चाचणी सारखी नापास होत होती: एकच सीट दोघांना तर जात नाही ना, हे बघणारी. संध्याकाळी सॉफ्टवेअर द्यायचं होतं. मी ती बंद केली, शेजारी 'तात्पुरती' असं लिहिलं आणि भाऊंना सांगितलं नाही. त्यांच्या यादीत बंद चाचण्या दिसतच नसत. त्यांनी सगळ्या चालवल्या, सगळ्या पास. चार दिवसांनी अमरावतीच्या एका बसमध्ये दोन लग्नांची वऱ्हाडं त्याच त्या सीटांवर हक्क सांगत उभी राहिली.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "याची चाचणी नव्हती का?"

भाऊ म्हणाले, "माझ्याच नजरेतून सुटली असेल, साहेब."

मी चहावरची साय बोटानं बाजूला करत होतो.

भाऊंकडून चाचण्यांचं काम गेलं, त्यांना लिखापढीला बसवलं. चूक दुरुस्त झाली, नवी चाचणी आली, जुनी तशीच पडून राहिली. मी पुढे टीम लीडर झालो.

गेल्या सोमवारी भाऊंनी एजंटसाठी लिहिलेलं सगळं तपासायला माझ्याकडे आलं. शेवटचं कलम होतं, 'बंद केलेल्या चाचण्याही शोध.' उदाहरण म्हणून दिलेला शोध मी चालवून पाहिला. एकच ओळ आली. सीटची चाचणी. बंद. तात्पुरती. बंद करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

खाली भाऊंनी लिहिलं होतं: "बंद करणाऱ्याचं नाव दिसेल. नावावर अडकू नको. काहून बंद केली, ते त्याले विचार. घाईत असेल बिचारा."

तपासणारा मीच. 'उदाहरण बदला' एवढं लिहिलं असतं की संपलं. तेवढं टाइपही केलं. मग ते पुसलं आणि उठून भाऊंच्या टेबलाशी गेलो.

"भाऊ, ती सीटची चाचणी मी बंद केली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच आठवड्यात सापडली गा."

"मग तेव्हाच बोलले काहून नाही तुम्ही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग तू माझ्याशी बोलणंच कमी केलं. चहालेही वेगळा जायला लागला. कोणाले विचारू मग?"

भाऊंनी समोरच्या खुर्चीकडे बघून हात केला. "जरा उभा राहा गा तू," तिच्यावरच्या 'त्या'ला म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. पहिल्यापासून सांग. मले काहीच माहीत नाही, असं समज."