माळ्यावरचं पितळ

ज्या घरात पाणी डालड्याच्या डब्यात भरून ठेवतात आणि माळ्यावर मात्र पितळेचे चार हंडे पालथे पडलेले असतात, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला तुम्ही काय म्हणाल? आम्ही धुळ्याला त्यांना मोतीराम आबा म्हणत असू. मनात आणखीही बरंच म्हणत असू, पण ते छापण्याजोगं नाही.

आबा आणि मी एकाच कचेरीत कारकून, टेबलाला टेबल लागून. त्यांच्या घरापासून कचेरी दहा मिनिटांवर. आबांना पाऊण तास लागे. सरळ रस्त्यावर किराणावाला, शिंपी आणि दूधवाला अशी तीन देणी दुकान मांडून बसलेली होती. म्हणून आबा मागच्या गल्लीतून निघून, कुणाच्या तरी गोठ्याला वळसा घालून, घामाघूम होऊन येत आणि खुर्चीत बसता बसता म्हणत, "आज हवा चांगली शे."

एका दुकानात मात्र ते छाती काढून शिरत. आग्रा रोडवरचं मारवाडी शेठचं भांड्यांचं दुकान. आबांना दोन मुली, सुनंदा आणि वंदना. एक पाचवीत, दुसरी दुसरीत. त्यांच्या लग्नात द्यायला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आणि दर दिवाळीला पितळेचं एकेक भांडं आबा घेत. उधारीवर, हे वेगळं सांगायला नको. मग दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नाव घालणारा म्हातारा बसलेला असे, त्याच्यापुढे उकिडवे बसून मजकूर सांगत. "चि. सुनंदा हिस आबांकडून सप्रेम भेट."

मी एकदा म्हटलं, "आबा, नुसतं सुनंदा घाला. सप्रेम कशाला?"

"प्रेमले काय पैसा लागतस?"

"लागतात. अक्षरामागे चार आणे."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बुडीत निघालेला मीच होतो.

नाव घालण्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की झोपेतही म्हणून दाखवीन. "नाव टाकं म्हंजे ते भांडं मनं नही ऱ्हायनं, भो. पोरनं व्हई गयं. आते मी उपाशी मरसु, पण त्याले हात लावाव नही." म्हणजे स्वतःपासून पैसा वाचवायला या गृहस्थांनी छिन्नीहातोडीचा पहारा बसवला होता. मोडीत पितळ वजनावर जातं, नावावर जात नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. आबांना कळत नव्हतं, आणि समजावायला गेलं की ते हवेबद्दल बोलू लागत.

हा सगळा तमाशा मी फुकटात पाहिला असता, तर हसून सोडून दिला असता. पण आबांच्या मेव्हण्याने शिरपूरला रसवंती काढायची ठरवली, आबांनी त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढलं, आणि जामीनदार म्हणून सही कुणी केली? या शहाण्याने. मेव्हण्याने एका उन्हाळ्यात चरक विकला आणि सुरतेला निघून गेला. आबांच्या पगाराला आधीच इतक्या कात्र्या लागलेल्या, की पतपेढीला कापायला त्यात जागा उरली नव्हती. मग तिने माझा पगार धरला. महिन्याला एकशे दहा रुपये.

माझी अरुणा तेव्हा चार वर्षांची. तिच्या नावाने पोस्टात महिन्याला पन्नास रुपये भरायला मी नुकतीच सुरुवात केली होती. ते खातं तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. बायकोने पासबुक कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. मी मात्र कचेरीत बोललो, आणि चांगलं खणखणीत बोललो. "आबा, दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडचं काढून स्वतःच्या पोरींना पितळ घेता, लाज वाटत नाही?" सगळी कचेरी ऐकत होती. आबा खाली मान घालून कागदांवर शिक्के मारत राहिले. एका कागदावर तीनदा शिक्का बसला.

आणि त्याच दिवाळीत शिपायाने येऊन सांगितलं, की आबा शेठच्या पायरीवर बसलेले दिसले. माझं डोकंच फिरलं.

रविवारी सकाळी हातगाडी ठरवून मी आबांच्या दारात गेलो. म्हटलं, "माळ्यावरचं सगळं खाली काढा. मोडीत घालतो, पतपेढीत भरतो आणि मोकळा होतो. माझ्या घरीही पोरगी आहे."

आबा दारात आडवे झाले. "नही भो. ते मनं नही शे."

अक्का म्हणजे त्यांची बायको. ती कधी मध्ये पडत नसे. त्या दिवशी ती चुलीपुढून उठली, नवऱ्याला हाताने बाजूला सारलं आणि शिडी लावली. "लई जाय भाऊ," म्हणाली. "मन्या पोरी जर्मनना भांडामा खातस. यास्ना हंडासले पाहुणचार." जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, तेही पोचे पडलेलं.

ती एकेक भांडं खाली देऊ लागली आणि मी ओसरीत मांडू लागलो. हंडा, सुनंदा. घंगाळ, वंदना. हंडा, पुन्हा सुनंदा. प्रत्येकावर ते सप्रेम. मग कोपऱ्यातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, याच दिवाळीची तीन कोरी भांडी आली. कळशी, परात आणि तांब्या. कळशी उजेडात फिरवली.

चि. अरुणा हिस आबांकडून सप्रेम भेट.

परातीवरही अरुणा. तांब्यावरही. मी आबांकडे पाहिलं. ते उंबऱ्यात बसून पायाचा अंगठा चोळत होते.

"तुना पगार मनामुये कटस," ते म्हणाले. "तुनी पोरनं खातं बंद पडनं. मंग?"

मंग काय! त्या तीन भांड्यांच्या पैशात माझे चार हप्ते भागले असते, अरुणाचं खातं चालू राहिलं असतं. असा उफराटा हिशेब जगाच्या पाठीवर दुसरा कुणी करणार नाही. हे सगळं मला बोलायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "आबा, मला सांगितलं का नाही?"

"तुले सांगं ते तू मोडी टाकशी."

मी आलो होतो तो त्याचसाठी. बाहेर हातगाडीवाला विचारत होता, "साहेब, भरू का?" मला रडू आलं, आणि ते अक्कासमोर आलं याचा रागही आला. हातगाडीवाल्याला पाच रुपये दिले आणि रिकामाच परत पाठवला. मग मी भांडी एकेक करून वर देऊ लागलो, अक्का शिडीवरून ती माळ्यावर लावू लागली.

पुढच्या पहिल्या तारखेला माझ्या पगारातून एकशे दहा रुपये कापले गेले. त्या दिवशी आबा घामाघूम होऊन खुर्चीत बसले, तेव्हा मीच म्हटलं, "आबा, आज हवा चांगली आहे."