पावडर आणि पंधरवडेसाहेब

पंधरवडेसाहेबांनी बर्फावरची सहल पाचव्यांदा रद्द केली, तेव्हा त्यांची बायको तिच्या वडिलांचे लोकरीचे मोजे रफू करत बसली होती.

"आता काय झालं?" तिने सुई न थांबवता विचारलं.

"अगं, बर्फ बरोबर नाही."

"पडलाय ना?"

"नुसता पडून काय उपयोग? पावडर नाही!"

पावडर म्हणजे ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ. वारा नको, ऊन नको, थंडी कडाक्याची हवी. बाकीचा बर्फ साहेबांच्या लेखी फ्रीजमध्ये साठतो तोच. हे सगळं ज्ञान त्यांनी मोबाइलवरच्या तीन हवामान ॲपमधून मिळवलं होतं. प्रत्यक्ष स्कीवर ते आयुष्यात एकदाच उभे राहिले होते, आणि तेही फार वेळ नाही.

आता पंधरवडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कंपनीत ते रजा विभागाचे प्रमुख. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी, हा नियम त्यांचाच. फोरमनने मेहुणीच्या लग्नासाठी चौदा दिवस आधी अर्ज केला, तर साहेबांनी त्यावर लाल पेनाने 'मुदतीत नाही' असा शेरा मारला. त्याच दिवशी कामगारांनी साहेबांचं बारसं उरकलं.

पंचाईत अशी, की पावडर पडणार हे कळतं तीन दिवस आधी. मागच्या महिन्यात तिन्ही ॲप हिरवीगार झाली होती. साहेबांनी घाईघाईने अर्ज लिहिला, स्वतःच्याच टेबलावर ठेवला, खुर्चीत बसून नीट वाचला आणि फेटाळला. नियम म्हणजे नियम! म्हणून या खेपेला त्यांनी अंदाजाने एक तारीख धरून पंधरा दिवस आधीच दोन रजा मंजूर करून ठेवल्या. एक त्यांची, एक बायकोची. तीही त्याच कंपनीत आवक-जावक विभागात होती. आणि आता ॲप लाल झाली होती.

"माझी रजा रद्द केली मी," साहेब म्हणाले. "उद्या तुझीही करतो."

"कशी कराल? माझी रजा रद्द करायला माझा अर्ज लागतो. नियम तुमचाच." तिने दोरा दाताने तोडला. "अहो, उन्हाळ्यात बाबांचे दोन्ही गुडघे बदलायचेत. त्यानंतर स्की बंद, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हा त्यांचा शेवटचा हिवाळा. तुम्ही बसा पावडरची वाट बघत. मी त्यांना घेऊन चालले."

"जा, जा! घासत बसा त्या दगडासारख्या बर्फावर!"

दोघं बापलेक खरंच गेली. साहेबांनी दोन दिवस मोठ्या समाधानाने ॲप पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. दुपारपर्यंत तिन्ही ॲप अशी हिरवी झाली, की साहेबांना चहा गोड लागेना. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू! बर्फ कसला, नुसतं पीठ आहे हो पीठ! गुडघे आहेत हेच विसरलो मी!"

साहेबांनी फोन ठेवला. पाच वेळा सहल आखली ती त्यांनी, आणि पिठात लोळत होतं कोण? त्यांनी कागद ओढला आणि उद्यापासूनच्या रजेचा अर्ज खरडला. मग मान वर केली. समोर फोरमन उभा होता.

"काय साहेब, पाऊस-बर्फ पंधरा दिवस आधी कळवत नाहीत का हो आपल्याला?"

"तुझं काम काय आहे?"

"आवक-जावकमधून कागद आणलाय. वहिनींनी मोबाइलवरून पाठवला."

अर्ज बायकोचा होता. 'डोंगरावरचा रस्ता बर्फाने बंद. रजा चार दिवस वाढवावी. कलम नऊ: रस्ता बंद असल्यास पूर्वसूचनेची अट नाही.' कलम नऊ साहेबांनी स्वतः लिहिलं होतं, आणि लिहिल्यावर स्वतःचीच पाठ थोपटली होती.

त्यांनी निमूटपणे 'मंजूर' लिहिलं. मग स्वतःच्या अर्जाकडे पाहिलं. फोरमनने लाल पेनाचं टोपण काढून पेन अदबीने त्यांच्या पुढे धरलं.

"आणि साहेब, कलम दहा. बदली माणूस मिळाला नाही, तर रजा मंजूर करणाऱ्यानेच ते काम बघायचं. आवक-जावकचा बदली माणूस आजपर्यंतच आहे, पुढे कोणी नाही."

चारही दिवस साहेब बायकोच्या खुर्चीत बसून टपालावर शिक्के मारत राहिले. पहिल्या दिवशी नोंदवायला आलेला पहिला कागद त्यांचाच अर्ज होता. त्यांनी वहीत त्याची तारीख घातली, विषयाच्या रकान्यात 'रजा' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात, 'मुदतीत नाही'.

शेजारी मोबाइल वाजला. बायकोने फोटो पाठवला होता. कमरेपर्यंत पांढऱ्या भुशात बुडालेले सासरे दोन्ही हात वर करून हसत होते, आणि त्या हातांत साहेबांचे नवे कोरे स्की होते.