तोंडी परीक्षेचे टाळकरी

"फ्रेंच म्हणजे भाषाच ना? मग एकवीस दिवसांत पोरगं धडाधडा बोलंल. आपून हाव ना!" साखरा गावच्या मारुतीसमोर बसून उकंडरावांनी हे जाहीर केलं, तेव्हा जगात फ्रेंच नावाची भाषा आहे हे कळून त्यांना पुरते दोन दिवस झाले होते!

पण ती बढाई अगदीच वाऱ्यावरची नव्हती. तीस वर्षं ते कीर्तनात टाळ धरून उभे होते. बुवा वसमतचे असोत की सेनगावचे, पुढचा चरण बुवांच्या आधी उकंडरावांच्या ओठावर हजर असे. अक्षर एक ओळखत नव्हते, पण अभंग शेकड्यांनी पाठ. पोथी डोळ्यांनी वाचायची वस्तू आहे, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. जे कानातून आत जातं तेच मुक्कामाला राहतं, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि आता तो सिद्ध करायला हातात भाचा सापडला होता.

भाचा सटवाजी हैदराबादला विद्यापीठात बी. ए. करत होता. उर्दू, फारसी सोडून फ्रेंच का घेतलीस, असं मामांनी विचारलं तर म्हणाला, "त्या वर्गात विजेचा पंखा हाय, मामा."

लेखी परचे त्याने फक्कड लिहिले होते. घोडं अडलं होतं तोंडी परीक्षेपाशी. कागदावर त्याची फ्रेंच पुरासारखी वाहायची, पण समोर माणूस बसला की गळ्यातून आटलेल्या विहिरीतल्या मोटेसारखा नुसता कुरकुराट वर यायचा. तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याला हिवताप भरला, तेव्हा तो मनातून खूशच झाला. पण शिकवणाऱ्या मडमबाई मोठ्या मायाळू. त्यांनी पत्र पाठवलं, की सुट्टीत मी लेणी बघायला निघाले आहे, वाटेत हिंगोलीच्या डाकबंगल्यात उतरेन, तिथे ये. नेमलेली एक गोष्ट तोंडपाठ सांगायची आणि मग चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढीच परीक्षा.

सटवाजीचे वडील उत्तमराव कमी बोलणारे गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "पास झालास तर पुढं शीक. न्हाई झालास तर मिरगाच्या आधी वखर तुझ्या हातात." आणि वखर अंगणात आणून ठेवला. येता-जाता सटवाजीला त्याची धडक बसू लागली.

मामांनी आधी गोष्टीचा अर्थ विचारून घेतला. गोष्ट एका आंधळ्या नावाड्याची होती. पलीकडच्या काठावरून कुणी हाक दिली, की त्या आवाजाच्या रोखाने तो नाव वल्हवत नेई. हाक थांबली की मधल्या धारेत नाव गरगरा फिरे. गोष्टीचा प्रत्येक तुकडा त्याच तीन शब्दांवर येऊन टेके, "स्यूर लोत्र रीव". म्हणजे पैलतीरावर.

"पैलतीर?" उकंडरावांचे डोळे पाणावले. "अरे, हे तर कीर्तनच हाय! आन् तू येड्या, हे एकट्यानं म्हणून राहिला? बुवाबी एकटे म्हणत न्हाईत. बुवा म्हणत्यात, टाळकरी चरण झेलत्यात, तवर बुवाला दम मिळतो आन् फुडलं आठवतं."

झालं. सटवाजीने तुकडा म्हणायचा आणि मामांनी टाळावर शेवट झेलायचा, "स्यूर लोत्र रीव!" आश्चर्य असं, की झेलणारा मिळताच पोराची जीभ सुटली. चौथ्या दिवशी आणखी दोन टाळकरी आले. आठव्या दिवशी तांड्यावरचा रतनसिंग आला आणि त्याने डफ धरला. पंधराव्या दिवशी गोजरमामी भाकरी थापता थापता पैलतीरावर पोचू लागली, आणि पाणवठ्यावर बाया घागर उचलताना "हुश्श" म्हणायच्या ऐवजी "रीव" म्हणू लागल्या.

परीक्षेला रतनसिंगाच्या बैलगाडीतून सटवाजी, मामा आणि मामी अशी तिघं निघाली. एक मुक्काम सेनगावी करून सकाळी डाकबंगल्यावर हजर झाली. मामींनी मडमबाईंसाठी तिळाची चटणी आणि दशम्या घेतल्या होत्या. मामांनी टाळ घेतले होते, "असावेत जवळ" म्हणून.

मडमबाई पिकल्या केसांच्या, उंच आणि हसतमुख. त्यांनी सटवाजीला आत नेलं, बाकीच्यांना हाताने व्हरांडा दाखवला, आणि दारावरची चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, खाली सोडली.

इथेच घात झाला!

आतून पहिला तुकडा ऐकू आला. खणखणीत, सुरात, "स्यूर लोत्र रीव" वर बरोबर टेकलेला. आणि मग शांतता. सटवाजी थांबला होता झेलण्यासाठी. मडमबाई थांबल्या होत्या पुढच्या वाक्यासाठी. व्हरांड्यात मामी थांबल्या होत्या श्वास धरून. नाव मधल्या धारेत गरगरू लागली.

"गप बसा," मामी कुजबुजल्या. "परीक्षा हाय ती."

उकंडरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डोळ्यांपुढे अंगणातला वखर आला. आत मडमबाईंनी गोड आवाजात काहीतरी विचारलं. आतून नुसता कुरकुराट आला. कागदावर टाक चालल्याचा आवाज आला, आणि तीस वर्षांत ज्याने कुठल्या बुवाला उघड्यावर पडू दिलं नव्हतं, त्या माणसाचा धीर सुटला. टाळ कधी हातात आले ते त्यांनाही कळलं नाही.

"स्यूर लोत्र रीव!"

आत लगेच दुसरा तुकडा सुरू झाला, धबधब्यासारखा! मामांनी झेलला. तिसऱ्याला मामींनी सूर धरला. चौथ्याला गाडीपाशी बैलांना कडबा टाकणाऱ्या रतनसिंगाने डफ नव्हता म्हणून बादली उपडी केली. पाचव्याला डाकबंगल्याचा खानसामा चहाचा ट्रे घेऊन आला, तो ट्रे तसाच खाली ठेवून चमच्याने ताल देऊ लागला. शेवटच्या तुकड्याला नाव काठाला लागली, आणि आत सटवाजी हात वर करून चक्क पावली खेळत होता.

चिक वर गेली. मडमबाई दारात उभ्या होत्या.

"आप कौन?" त्यांनी विचारलं.

उकंडराव उठून उभे राहिले. पोराचं वर्ष गेलं ते आपल्यामुळेच, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. "हम टाळकरी, मडमसाब," ते हात जोडून म्हणाले. "गुन्हा हमारा हाय. पोरगं बेकसूर हाय. उसको सब आता, पर पलीकडून आवाज नको का कुणाचा?"

मडमबाईंनी मामांकडे पाहिलं, आत घाम पुसत उभ्या सटवाजीकडे पाहिलं, आणि मामांच्या हातातले टाळ हळूच काढून घेतले. चिक पुन्हा खाली आली.

आता प्रश्न होते. ते काही पाठ केलेले नव्हते. गावात नदी आहे का, असं बाईंनी विचारलं. सटवाजीने अडखळत दोन शब्द उच्चारले आणि थांबला. तोच टाळांचा नाजूक झणत्कार झाला आणि बाईंनी त्याचेच शेवटचे शब्द सुरात झेलले. सटवाजीने वाक्य पुरं केलं. मग दुसरं, मग तिसरं. ओढा, बैल, मारुतीचं देऊळ, मामीची भाकरी, सगळं साखरा फ्रेंचमध्ये वाहत बाहेर येऊ लागलं. व्हरांड्यात मामांना एक शब्द कळत नव्हता, पण ते डोळे मिटून डोलत होते. कीर्तनात रंग भरला की शब्द कुठे लागतात?

निघताना मामांनी कनवटीची बुक्क्याची डबी काढली. कीर्तन झालं की बुक्का लावायचाच! मडमबाईंनी टोपी काढून कपाळ पुढे केलं.

महिन्याने कागद आला. सटवाजी पास! खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की उमेदवार बोलतो चांगला, मात्र ऐकणाऱ्याला मेहनत घ्यावी लागते. उत्तमरावांनी वखर गोठ्यामागे नेऊन ठेवला, आणि येत्या एकादशीला वसमतच्या बुवांचं कीर्तन बोलावलं.

सगळं गाव लोटलं. उकंडराव टाळकऱ्यांत सर्वांत पुढे, फेटा नवा, छाती गजभर. बुवांनी पैलतीराचा अभंग घेतला. चरण टिपेला नेला, डोळे मिटले, आणि विश्वासाने टाळकऱ्यांच्या हवाली केला.

तीस वर्षांत प्रथमच उकंडरावांनी चरण चुकवला. छातीच्या खोल तळातून, अपार भक्तीने, त्यांच्या तोंडून निघालं, "स्यूर लोत्र रीव!" आणि मागच्या बारा टाळकऱ्यांनी, पाणवठ्यावरच्या सगळ्या बायांनी आणि रतनसिंगाच्या डफाने ते एकमुखाने उचललं.

बुवांचे डोळे उघडले ते उघडेच राहिले. मागे सटवाजी उपरणं तोंडात कोंबून म्हणाला, "अर्थ बराबर हाय, मामा."

कीर्तन संपल्यावर बुवांनी उकंडरावांना बाजूला घेतलं. म्हणाले, "पुष्कळ गाथा बघितल्या, पण हा चरण काही आढळला नाही. कोण्या संतांचा म्हणायचा हा?"

उकंडराव पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

"संत न्हाईत, बुवा," ते हळूच म्हणाले. "मडम हाय. हैदराबादला शिकवती."