खडवलीचे पान परत घेतले त्याची हकीकत

"टीचर, अख्ख्या वर्गाने मिळून एकच निबंध लिहिला तर ती कॉपी, का प्रोजेक्ट?"

ऐसा सवाल आम्ही, कल्पिता, इयत्ता नववी ब, भर पाचव्या तासाला उभे राहून पुसिला. तो आमच्या अकलेने नव्हे. मागील बाकावर मसलत होऊन पैज लागली होती की कल्पीची टरकते, ती विचारणारच नाही, आणि विचारलेच तर एक वडापाव. सबब विचारिले.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, युनिट टेस्टचे अरिष्ट नुकते टळलेले, मुक्काम ठाणे, प्रांत घोडबंदर रोड, ते समयी घडले ते जसेच्या तसे लिहितो. मराठीच्या टीचर, खाशा वासंतीबाई, यांनी चष्मा उतरविला आणि पुसला आणि पुन्हा चढविला, आणि सर्वांस वाटले की आता कल्पीची रवानगी प्रिन्सिपलच्या दरबारी, आणि मग बाई हसल्या. हुकूम जाहला की प्रोजेक्ट. खडवलीच्या शाळेत तिसरीची सतरा मुले आहेत, त्यांजपाशी वाचावयास पुस्तके थोडकी, तरी नववी ब आणि ती मुले यांनी मिळून इंटरनेटवर एक सामायिक पुस्तक लिहावे, प्रत्येकाने आपली एक ओळ तरी घालावी, आणि शनिवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर आपली ओळ आपल्या तोंडाने वाचावी. मोहिमेची सरदारी सवाल पुसणारीस. वडापाव मिळाला, परंतु अर्धाच. उरला अर्धा स्वीडलने जप्त केला.

स्वीडल म्हणजे आमची जिवलग, राहणार गावठाण, जिच्या डॅडींची खाडीत होडी आहे आणि जिची बोटे कीबोर्डावर अरबी घोड्यागत धावतात. तिजला सेनापतिपद दिधले. पुस्तकाची पाने पाडिली, एक खडवलीचे, बाकीची आमची, आणि मंगळवारी लढाईस तोंड लागले.

खडवलीस कॉम्प्युटर एकच आणि मुले सतरा, म्हणोन रांग. त्या रांगेत रतन नामे एक मुलगी. तिची ख्याती ऐसी की दोन वर्षांत वर्गात मोठ्याने एक अक्षर वाचले नाही. कोणी म्हणे लाजते, कोणी म्हणे तिला येतच नाही, बाकीच्यांचे ऐकून पाठ करते. तिची पाळी आली आणि आमच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागले, मग थांबे, मग पुसले जाई, मग पुन्हा उमटे, आणि नववी ब श्वास रोखून पाहत राहिली. चाळीस मिनिटे गेली. अकरा बेचाळीसला ओळ पुरी जाहली, ती ऐसी: "माझी शेळी शाळेत येते आणि फळा चाटते."

काय वर्णावे! बाकडी वाजली. शेजारच्या नववी अ ने तक्रार केली.

परंतु फितुरी घरातच होती. आमचे तीर्थरूप केदारराव हे नीलमोहर हाइट्स या एकशे बारा फ्लॅटांच्या दौलतीचे सेक्रेटरी. आदल्या सांजेस आम्ही हौसेने त्यांस पुस्तकाची लिंक दाखविली, आणि त्यांनी अभिमानाने छाती फुगवून ती सोसायटीच्या ग्रुपवर धाडिली, सोबत मजकूर की आमच्या कल्पिताचा प्रोजेक्ट, सर्वांनी आशीर्वाद द्यावेत. आता दरवाजा उघडा कोणी ठेविला, ज्याच्या हाती लिंक त्याला लिहिण्याची मुभा कोणी दिली, तर आम्हीच. हा आमचा गुन्हा. लपवीत नाही.

सोसायटीने आशीर्वाद दिले. पुस्तकातच दिले. प्रथम शुभ सकाळ आली, मग गुलाबाचे फूल आले, मग बी विंगने लिहिले की आमच्या पार्किंगात पांढरी गाडी कोणाची, आणि ए विंगने त्याखाली लिहिले की आधी तुमची स्कूटर काढा, आणि मग कोणी ढोकळ्याची ऑर्डर घेऊ लागले. नववी ब पुसून काढी आणि नीलमोहर पुन्हा लिही. बुधवार आणि गुरुवार हेच युद्ध. आमच्या कथेतील राजकन्येस लिफ्टच्या मेंटेनन्सची नोटीस निघाली.

आणि शुक्रवारी दुपारी वज्राघात. खडवलीहून त्यांच्या गुरुजींचा फोन वासंतीबाईंस आला, आणि बाईंनी तो स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून बारीक आवाज ऐकू आला, "ह्या माजा नाय. मी नाय वाचनार."

स्वीडलने पान उघडिले. शेळी नाही! तिच्या जागी लिहिले होते: "ग्रामीण जीवनात शेळीपालनाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे."

"कल्पू," स्वीडल बोलली, "हे तुझ्या मम्मीचं आहे, हां. तिचं नाव दिसतंय इथे."

आमच्या मातोश्री ऋजुताबाई सर्व काही सुधारितात. लग्नपत्रिका, हॉटेलचे मेन्यू, आमची पत्रे. त्यांनी शेळीही सुधारिली होती, आणि ती परत न आली तर रतन शनिवारी तोंड उघडणार नाही, कदाचित पुढेही नाही, हे वासंतीबाईंच्या मुखावर स्वच्छ लिहिलेले दिसले.

मग आम्ही इरेस पेटलो. प्रथम महाद्वार बंद केले, म्हणजे लिहिण्याचा अधिकार केवळ दोन वर्गांस ठेविला, आणि नीलमोहर बाहेर. मग पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांच्या भुयारात उतरलो. तीनशे सहा आवृत्त्या! गुरुवार मागे टाकिला, ढोकळा मागे टाकिला, बुधवार ओलांडिला, आणि शाळा सुटण्याची घंटा वाजू लागली, तोच स्वीडल किंचाळली, "मिळाली गं! चाटतेय फळा!" आणि मंगळवारचे खडवलीचे पान तिने एका झपाट्यात उचलून जागेवर बसविले. घाईत वाचून कोणी पाहिले नाही.

शनिवारी अकरा वाजता कॉल लागला. आम्ही घरून बसलो, आणि मागे सोफ्यावर उभय माता-पिता आशीर्वाद देण्यास तयार. रतनची पाळी आली. ती पडद्याजवळ आली, आणि थांबली, आणि मागून खरोखरीची शेळी डोकावली. मग रतन वाचू लागली. माझी शेळी शाळेत येते आणि फळा चाटते. टाळ्या झाल्या. सर्वांस वाटले, झाले. पाठच होती तिला.

परंतु रतन थांबेना. बोट खाली सरकले आणि ती पुढे वाचू लागली, एकेक शब्द फोडून, "सा-तव्या मज-ल्यावर दोन दिवस पाणी नाही. सेक्रे-टरी झो-पले आहेत काय?"

ही ओळ सातव्या मजल्याच्या हरिहरकाकांची! मंगळवारी शेळीच्या खाली बसली ती स्वीडलच्या झपाट्यात सोबत आली. रतनने ती जन्मात ऐकली नव्हती. कोणी पढविली नव्हती. वाचली होती! वासंतीबाईंनी तोंडावर पदर घेतला, आणि खडवलीचे गुरुजी खुर्चीवरून उठले, आणि सोफ्यावर केदारराव लाल जाहले. इतक्यात रतनने पुसिले, "मग त्यांना पानी आला का?"

पुस्तकात पुढे काय लिहावे, याचा फैसला तिसरीने जागीच केला. शेळी सातव्या मजल्यावर पाणी घेऊन जाते.

मोहीम फत्ते जाहली, नोंद व्हावी. सोमवारपर्यंत लिहिण्याच्या परवानगीचे त्रेचाळीस अर्ज आले, पैकी दोन आमच्याच घरातून. त्या सांजेस जेवणाच्या टेबलावर आम्ही उभे राहिलो. या खेपेस कोणी पैज घातली नव्हती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. दर शनिवारी मी खडवलीच्या मुलांसोबत लिहिणार. कोडिंगचा क्लास बंद. आणि तुम्ही दोघांनी फक्त वाचायचं."

"एक स्वल्पविरामसुद्धा नाही?" मातोश्री.

"नाही."

"आणि हरिहरकाका?" तीर्थरूप.

"त्यांना लिहायला दिलंय. रतनने त्यांनाच बोलावलंय."