मोज्यातलं पदक

"अंगावर धातूचं काही राहिलंय का?" येसेनिया नर्सने विचारलं.

"काही नाही," बेलार्मिनो म्हणाला. अंगठी, घड्याळ, दातांची कवळी, सगळं त्याने ताटलीत काढून ठेवलं होतं. तरी येसेनियाने हातातली तपासणीची दांडी त्याच्या अंगावरून फिरवली, आणि डाव्या पायाशी येताच ती दांडी किंचाळली.

"काका, मोजा काढा."

"पायाला थंडी वाजते हो."

"तुनहा शहरात सगळ्यांनाच वाजते. काढा बघू."

मोज्यातून लाल फितीचं पदक निघालं. त्यावर लिहिलं होतं, तेहो स्पर्धा, दुसरा क्रमांक. पंधरा दिवस बेलार्मिनो ते पायात घालूनच हिंडत होता, कारण त्याची बायको एर्मेलिंदा केर काढताना कपाटसुद्धा ओढून बघते. तीन वर्षांपूर्वी त्याचा खांदा पहिल्यांदा दुखला, तेव्हा तिने त्याला मारियामातेच्या तसबिरीसमोर उभं करून तेहो सोडायची शपथ घ्यायला लावली होती. शपथ त्याने पाळलीही, चांगली अकरा दिवस. मग तो दर शनिवारी 'बटाट्याची पोती उचलायला' जाऊ लागला. तेहो म्हणजे लांबून लोखंडी चकती झोकायची, चिखलात ठेवलेल्या बंदुकीच्या दारूच्या पुडीवर ती बसली की धडाम, आणि सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं, हे सोडणं काय माणसाचं काम आहे?

"हे इथे हरवेल," येसेनिया मायेने म्हणाली. "बाहेर काकूंकडे देते."

"नको, नको! काकूंना कशाला त्रास..."

पण ती ताटली घेऊन गेलीसुद्धा.

बेलार्मिनो एमआरआयच्या बोगद्यात आडवा पडला. महिनाअखेरीस सान पेद्रोच्या जत्रेत अंतिम सामना होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर खेळ कायमचा संपला, आणि नाही सांगितलं तरी बाहेर एर्मेलिंदा बसली होतीच. तो विचारात असतानाच यंत्र धडाडलं आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

"काका, हलू नका! सगळं पुसट आलं."

दुसऱ्यांदा यंत्र धडाडलं. पुन्हा हात वर.

"अहो काका!"

"मी नाही हो करत. चाळीस वर्षांची सवय आहे."

"कसली सवय?"

बेलार्मिनोने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा येसेनियाने त्याच्या हातावर वाळूची पिशवी ठेवली, आणि मग कुठे खांद्याचं चित्र नीट निघालं.

डॉक्टर पाचोनबाईंनी ते पडद्यावर लावलं. एर्मेलिंदा शेजारी ताटली घेऊन बसली होती.

"स्नायू हाडापाशी थोडा फाटलाय," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशन नको. नेमाने व्यायाम करा, डिसेंबरपर्यंत सुधारेल. काम काय करता?"

"बटाट्याची पोती उचलतात," एर्मेलिंदा थंडपणे म्हणाली.

"असं? येसेनियाने सांगितलं मला. धडाम झाल्यावर हात वर करणारी माणसं मी ओळखते. माझे वडील त्यांतलेच."

बेलार्मिनोने मान खाली घातली. "चुकलं माझं, एर्मेलिंदा. पण सुटतच नाही गं."

तिने पदक उचललं. "तीन वर्षं माझ्याशी खोटं बोललात, आणि आणलंत काय, तर दुसरा नंबर?" तिने पदक त्याच्या नाकासमोर नाचवायला हात उचलला आणि ओरडली, "आई गं!"

डॉक्टर वळल्या. "काकू, तो हात कानापर्यंत न्या बघू."

तो खांद्याच्या वर जाईना.

"मक्याचं पीठ मळून मळून दुखतोय," एर्मेलिंदा घाईघाईने म्हणाली. "होईल बरं."

"तुमचंही चित्र काढू. दुपारचा पेशंट आलेला नाही."

आता ताटली बेलार्मिनोच्या मांडीवर होती. तिची अंगठी, केसातल्या पिना आणि जपमाळ. दर गुरुवारी ती नणंदेबरोबर चर्चमध्ये जपाला जायची आणि रात्री जेवताना चमचा डाव्या हातात धरायची. जप करून बिचारीचा हात भरून येतो, असं त्याला वाटायचं. गुरुवारी तिच्या बुटांना चिखल कसा लागतो, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

आत यंत्र धडाडलं. पाठोपाठ दाराआडून येसेनियाचा वैतागलेला आवाज आला.

"काकू, हात खाली!"

बेलार्मिनोला इतका आनंद झाला की तो खुर्चीतून उठलाच. मग त्याने शहाण्यासारखी येसेनियाची दुसरी वाळूची पिशवी शोधली आणि दार ठोठावलं.

"ही घ्या," तो म्हणाला. "आणि व्यायामाचा कागद दोघांचा एकच द्या. डिसेंबरात आम्हाला तेहोच्या मैदानात जोडीने उतरायचंय."