हरणाची खोटी सही

इस्त्रीचं टेबल देऊन टाकायला गेलो आणि हरणाच्या शिकारीचं पुस्तक घेऊन परतलो. मस्कतमधला आमचा मुक्काम तेव्हा पाच आठवड्यांचा उरला होता. एकतीस वर्षं एका कस्टम क्लिअरिंग कंपनीत कारकुनी करून मी निवृत्त झालो होतो, माझी बायको ॲनी हिने दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडली होती, आणि वसईला कायमचं परतायचं म्हणून दार्सैतच्या फ्लॅटमधलं सामान आम्ही एकेक करून वाटत होतो. टेबल मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका गोऱ्या बाईंनी घेतलं आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून नवऱ्याचं एक जाडजूड अमेरिकन पुस्तक माझ्या हातात ठेवलं. (नवऱ्याला विचारलं नसावं. टेबल देताना मीही ॲनीला विचारलं नव्हतं.)

आता शिकारीशी माझा संबंध झुरळांपुरता. शिवाय ओमानमध्ये हरणाच्या शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण हरीण नुसतं पाहायला बंदी नाही, आणि तिथेच माझं डोकं चालू लागलं.

एकतीस वर्षांत ॲनीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ‘‘इथे म्हणे रानात हरणं आहेत. एकदा दाखवा मला. पिंजऱ्यातलं नको.’’ मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. असे साधारण सोळाशे शुक्रवार गेले. तेवढ्या काळात तिने डबल ड्युट्या केल्या, दोन मुलं वाढवली, माझा टायफॉइड काढला आणि माझे सगळे शर्ट इस्त्री केले. या बाईचे आभार कसे मानायचे हे मला कधी जमलं नाही. आभाराचं पत्र मला उत्तम लिहिता येतं, पण ते ‘महोदय’पासून सुरू होतं. तेव्हा ठरवलं, जाण्याआधी हिला हरीण दाखवायचं. आणि आधी सांगायचं नाही.

आमच्या कंपनीचा जुना ड्रायव्हर हमूद याची सीबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी खजुराची बाग आहे. त्याला फोन केला.

‘‘हमूद, तुम्हारे उधर हिरन आता है?’’

‘‘आता है, क्लेमेंट साहब.’’

‘‘शुक्रवार को आएगा?’’

‘‘इन्शाल्ला.’’

सरकारी कचेऱ्यांतून एकतीस वर्षं इन्शाल्ला ऐकलेल्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. मला पद्धत हवी होती, आणि ती त्या पुस्तकात होती.

नर हरीण म्हणे एखाद्या खाली झुकलेल्या फांदीखालची जमीन खुराने उकरतो, त्यात लघवी करतो आणि वरची फांदी कपाळाने घासतो. येणारी-जाणारी हरणं तिथे थांबून वास घेतात आणि कोण आलं, कोण गेलं ते समजून घेतात. थोडक्यात, आवक-जावक विभाग. हुशार शिकारी अशीच जागा स्वतः उकरतो, मादीच्या लघवीची बाटली तिथे शिंपडतो आणि लपून बसतो. हरीण चौकशीला येतं. म्हणजे हरणाची खोटी सही करायची. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडल्या, निवृत्तीनंतर स्वतः एक करायला काय हरकत होती?

बाटलीसाठी रुवीच्या बाजारात अत्तराच्या दुकानात गेलो. तिथला जुनैद रत्नागिरीचा, चांगल्या ओळखीचा.

‘‘काका, कस्तुरी हाय, अंबर हाय, ऊद हाय. तुमी काय मागताव ता परत सांगा.’’

मी हळू आवाजात परत सांगितलं.

जुनैदने दुकानात इतर गिऱ्हाईक नाही ना, ते पाहिलं. ‘‘काकींशी भांडण झाला काय?’’

‘‘नाही रे. हरणासाठी हवंय.’’

‘‘मग बकरीचा चालवून घ्या. जनावर काय लेबल वाचता?’’

हा सल्ला मला व्यवहारी वाटला. हमूदच्या गोठ्यात एका बकरीच्या मागे बरणी धरून मी दोन तास उभा राहिलो. हमूदने काही विचारलं नाही. ओमानी माणूस पाहुण्याला अडचणीत टाकत नाही. त्याने फक्त कहावा, म्हणजे तिथली कॉफी, पाठवला आणि बकरीला पाणी पाजलं.

पुस्तकातली दुसरी अट जास्त कठीण होती. माणसाचा वास येता कामा नये. ज्या देशात माणसं कपड्यांनाही सुगंधी धुरी देतात, तिथे मी साबण, पावडर आणि डोक्याचं तेल सोडलं. शुक्रवारचे कपडे माती आणि सुक्या पाल्याबरोबर पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवले. संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली सरावही केला. बुटाने जमीन उकरायची आणि कपाळ फांदीला घासायचं. (फांदी उंच असल्यामुळे टाचा वर कराव्या लागत.) बरणी फ्रीजमध्ये, लोणच्यामागे ठेवली. आमच्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये नाव न लिहिलेलं दही कुणीही खायचं, त्या सवयीने बरणीवर चिठ्ठी चिकटवली: ‘क्लेमेंट तुस्कानो. कुणी हात लावू नये.’ खाली तारीख आणि सही.

पुढच्या आठवड्यात घरात एक चमत्कार झाला. ॲनी माझ्याशी फार चांगली वागू लागली. टेबलाबद्दल चकार शब्द नाही. मी आंघोळ न करता जेवायला बसलो तरी, ‘‘बसा हं, सावकाश जेवा.’’ पुण्याहून मुलीचा फोन आला, ‘‘पप्पा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत.’’ कॅनडाहून मुलाने तेच सांगितलं, आणि तो तर वाढदिवसालाही फोन करत नाही. शेजारचा रॉबिन लिफ्टमध्ये माझा हात हातात धरून उभा राहिला, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. मला वाटलं, निवृत्त माणसाची किंमत उशिरा का होईना लोकांना कळते. मी अगदी भरून पावलो.

गुरुवारी संध्याकाळी ॲनी समोर येऊन बसली. हातात कागद होता.

‘‘माझ्यापासून लपवायचं काय कारण होतं?’’ ती म्हणाली. ‘‘मी नर्स आहे. तुमची बरणी मी फ्रीजमध्ये पाहिली. थोडं काढून नेलं तपासायला.’’

मी विचारलं, ‘‘मग?’’

‘‘डॉक्टर म्हणाले, असा रिपोर्ट त्यांनी आजवर पाहिला नाही. त्यांनी विचारलं, मिस्टर किती वर्षं शुद्ध शाकाहारी आहेत?’’

आठवड्यातून तीनदा मला बोंबील तळून घालणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला गेला होता. तिचे डोळे सुजलेले होते. पार्किंगमधला सराव तिने खिडकीतून दोनदा पाहिला होता, हेही तेव्हाच कळलं. मला एकाच वेळी वेड आणि मूत्रपिंडाचा आजार, असं काहीसं तिने मनाशी धरलं होतं.

‘‘ॲनी, ती बकरीची आहे.’’

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

‘‘बकरीची.’’

‘‘हमूदच्या. उद्या पहाटे माझ्याबरोबर चल, तिथे सांगतो.’’

तिने कागदाची नीट घडी केली. ‘‘मग बकरीची तब्येत बरी आहे,’’ ती म्हणाली, पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. त्या चहाचे आभार मी अजून मानलेले नाहीत.

शुक्रवारी उजाडताना आम्ही हमूदच्या बागेच्या टोकाला पोचलो. समोर बाभळीसारखं झाड, मागे हमूदचं लसूणघासाचं शेत. मी झाडाखाली जमीन उकरली, फांदी घासली, बरणी रिकामी केली. थोडी बुटांवर सांडली. मग खजुराच्या वाळलेल्या झावळ्यांमागे दोघं बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सोळाशे शुक्रवारांसकट.

ॲनी माझ्या दंडावर हात ठेवून बसली. एवढ्या वासाच्या माणसाला आपण होऊन हात लावणं ही साधी गोष्ट नाही.

‘‘आता हलायचं नाही,’’ मी कुजबुजलो. ‘‘नजर त्या जागेवरून काढायची नाही.’’

अर्धा तास गेला. मग ॲनीने माझा दंड दाबला.

‘‘अहो.’’

‘‘शू.’’

‘‘अहो, जरा...’’

‘‘हलू नकोस म्हटलं ना.’’

आणि खरंच, थोड्या वेळाने झाडामागून ते आलं. तांबूस अंग, मागे वळलेली शिंगं, सावध चाल. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वसईला व्हायचं होतं आणि उजेडही पुरता नव्हता, पण ते सरळ माझ्या उकरलेल्या जागेवर गेलं, मान खाली घालून हुंगलं आणि ओठ वर करून उभं राहिलं. पुस्तकात लिहिलं होतं, तस्संच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोबाइलवर सहा फोटो काढले.

‘‘पाहिलंस?’’

‘‘पाहिलं,’’ ॲनी म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. ‘‘किती सुंदर. थँक्यू.’’

एकतीस वर्षांत मला कुठल्या कामाची इतकी लगेच पोचपावती मिळाली नव्हती.

परत निघताना हमूदने खजूर दिले, आणि मी त्याला ऐटीत फोटो दाखवले. त्याने मोबाइल हातात घेतला, एक फोटो मोठा केला, दुसरा केला.

‘‘माशाल्ला,’’ तो आदराने म्हणाला. ‘‘ये मेरा बकरा है.’’

मी सीबपर्यंत गाडी चालवली. शेवटी विचारलं, ‘‘तुला कळलं होतं?’’

‘‘गळ्यात दोरी होती हो.’’

‘‘मग सुंदर काय म्हणालीस? रडलीस कशाला?’’

‘‘हरीण बघून,’’ ॲनी म्हणाली. ‘‘तुमच्या मागे होतं, लसूणघासात. दहा पावलांवर. मी सांगत होते, तर तुम्ही हलू देत नव्हता. मग बकरा आला आणि तुम्ही इतके खूश झालात, म्हटलं राहू दे. मला दोन्ही दिसली, देवाची कृपा.’’

मी गाडी बाजूला घेतली. म्हणजे हरीण आलं होतं. तिने ते पाहिलं होतं. काम झालं होतं, एवढंच की मी त्या वेळी दुसऱ्या टेबलावर होतो.

‘‘किती वेळ होतं?’’

‘‘बराच वेळ. चरत होतं शांतपणे. मग वारा फिरला.’’

‘‘आणि?’’

ती माझ्याकडे पाहून हसली. सुरुवातीला हात तोंडावर ठेवून, मग न ठेवता.

‘‘मान वर केली, तुमच्याकडे बघितलं,’’ ती म्हणाली, ‘‘दोनदा शिंकलं आणि जे पळत सुटलं ते डोंगरापर्यंत थांबलं नाही.’’