लॅरिंगोस्कोपचा लोखंडी बिल्ला

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण यात गाढव कोण ते शोधायला तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत.

मी ओरुरो शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात मालमत्ता विभागात आहे. कंत्राटी. काम एकच, सरकारने घेतलेल्या प्रत्येक वस्तूला नंबरचा लोखंडी बिल्ला लावायचा. खुर्चीला बिल्ला, हीटरला बिल्ला, शवागाराच्या दाराला बिल्ला. ज्याला बिल्ला नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाही. हे काम मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघून शिकलो आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

कार्निव्हलच्या आठवड्यात एक लॅरिंगोस्कोप आला. बेशुद्ध माणसाच्या घशात उजेड पाडून श्वासाची नळी घालायचं साधन. पण हा साधा नव्हता. खास एमआरआयच्या खोलीसाठी होता. तिथे मोठं चुंबक असतं, म्हणून याच्यात कणभरही लोखंड नाही. बॅटरीसुद्धा वेगळी. दीड वर्ष अर्ज करून मिळालेला. नवीन वस्तू आली की इथे पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, घोटभर बिअर शिंपडतात, तशी शिंपडली. रंगीत कागद उडवले. मग मी माझा विधी केला. बिल्ला क्रमांक ४०१७ लोखंडी क्लिपने मुठीला असा कसून आवळला, की भूकंपात सुटणार नाही.

वर फॉर्मवर सहीही केली, ‘एमआरआय-सुरक्षित असल्याची खात्री केली.’

भुलीच्या डॉक्टर झुलेमा मॅडमनी तो हातात घेतला. बिल्ल्यावर नख आपटून बघितलं.

“हे कुणी केलं?”

“मी, मॅडम. घट्ट बसलाय ना?”

एमआरआय चालवणारा रिंबेर्त माझा मित्र. त्याने लॅरिंगोस्कोपला दोरी बांधली आणि मला खोलीच्या दारात नेलं. दोरी सरळ ताणली गेली. कसायाचं दुकान दिसल्यावर कुत्र्याची साखळी ताणावी तशी.

“बघितलंस?” तो म्हणाला. “आता हा आत नेला तर पेशंटच्या तोंडावरून उडत जाईल. शाब्बास रे इंजिनिअर!”

पेशंट म्हणजे सैदा. सहा वर्षांची. डोक्यात गाठ. गुरुवारी तिला भूल देऊन स्कॅन करायचा होता, कारण शुक्रवारी ला पास शहराहून सर्जन येणार होते. त्यानंतरची त्यांची फेरी तीन महिन्यांनी. तिची आई आसुन्ता बाहेर बाकावर बसून होती. बाकाला अर्थात बिल्ला होता.

“आत नळी निसटली तर मी काय करू?” मॅडम म्हणाल्या. “मुलीला म्हणू, थांब बाळ, श्वास नंतर घे? हा बिल्ला निघाल्याशिवाय मी भूल देणार नाही.”

मी एपिफानिओसाहेबांकडे गेलो. विभागप्रमुख. सलतेन्या, म्हणजे आत रस्सा भरलेली करंजी, खात होते, शर्टावर थेंबही न सांडता. ओरुरोत एवढं जमणारा माणूस कशातच चुकत नाही असं मानतात.

“बिल्ला काढणं म्हणजे सरकारी मालमत्तेचा नाश,” ते म्हणाले.

“साहेब, पण चुंबक ओढतं ना.”

“मग चुंबक बंद करा थोडा वेळ.”

“ते बंद नसतं होत, साहेब. कायम चालू असतं.”

“रविवारी पण?”

“रविवारी पण.”

साहेबांनी सलतेन्या खाली ठेवली. “त्याचा ओव्हरटाइम कोण मंजूर करतं?”

मी म्हटलं, प्लास्टिकचा बिल्ला लावू? तर नियम दाखवला. प्लास्टिकचा बिल्ला फक्त प्लास्टिकच्या खुर्च्यांना. उपकरणाला धातूचाच. सोन्याचा चालेल का, असं विचारणार होतो, पण महिनाअखेर माझं कंत्राट त्यांच्याच टेबलावर येणार होतं. गप्प बसलो. गप्प बसायलाही मी कुठल्या शाळेत गेलो नाही.

गुरुवारी सकाळी सैदा भुकेली, चिडलेली. “आई, चुंबक माझ्या केसांतल्या पिना खाणार का?” आसुन्ताने आधीच सगळ्या पिना काढून घेतल्या होत्या. आख्ख्या हॉस्पिटलात चुंबकाचा नियम तिला एकटीला कळला होता.

रिंबेर्तने पक्कड पुढे केली. “तू कापतोस की मी?”

मी म्हटलं, “माझ्या हाताला घाम आलाय.”

“तुझ्या हाताला ना?” असं म्हणून त्याने क्लिप कापली. बिल्ला माझ्या खिशात टाकला. स्कॅन झाला. मध्येच नळी खरंच निसटली. मॅडमनी त्या बिनबिल्ल्याच्या लॅरिंगोस्कोपने, म्हणजे कायद्याने जगात नसलेल्या वस्तूने, ती अर्ध्या मिनिटात परत घातली. शुक्रवारी सर्जनांनी फिल्म बघितली, सोमवारी ऑपरेशन केलं. सैदा बरी आहे. पिना लावून फिरते.

इथे थांबलो असतो तर मी चांगला माणूस ठरलो असतो.

पण त्याच शुक्रवारी मालमत्तेची तपासणी होती. बिल्ला वेगळा झाला तर कॉम्प्युटर कारण विचारतो. पर्याय पाच: आग, पूर, उंदीर, भूकंप, चोरी. मी चोरी निवडलं. मग एक रकाना उघडला: ‘संशयित.’ रिकामा सोडला तर पुढे जाईना. ‘कोणी नाही’ लिहिलं तर म्हणतो, आडनाव लिहा. माझं नाव टाइप केलं, पुसलं. मग क्लिप ज्याने कापली त्याचं लिहिलं. रिंबेर्तचं. फॉर्म लगेच हिरवा झाला.

तपासनीसाला मी नुसता बिल्ला दाखवला. त्याने नंबर जुळवला आणि ‘वस्तू सुस्थितीत’ अशी खूण केली. एकाच दिवशी लॅरिंगोस्कोप चोरीलाही गेला आणि सुस्थितीतही सापडला. हे कुणालाच खटकलं नाही.

हसताय ना? हसा. तुमच्यासमोरही कधीतरी असा रकाना आला असेल, रिकामा न सुटणारा. तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत?

काल रिंबेर्तला नोटीस आली. तो ती घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“यात म्हणतात मी चोर आहे.”

मी सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं. तो बाजूची खुर्ची ओढून बसला, तिच्या पायावरचा बिल्ला बोटाने चाचपत राहिला.

“हा पण तूच लावलास?”

“हो.”

“घट्ट बसलाय,” तो म्हणाला. एवढंच.

मी त्याला शब्द दिला. सोमवारी एपिफानिओसाहेबांसमोर जाऊन त्या रकान्यात माझं नाव लिहीन, आडनावासकट. हाताला घाम आला तरी.